इनले कार्ड

गांधीबागेतल्या प्रेसच्या माळ्यावर
मी कॅसेटींचे कपडे शिवायचो.
खेमचंदजी म्हणायचे, गाणं उघडं विकत नाही,
त्याला आधी नेसवावं लागतं.

अडीच इंच बाय चार.
तेवढ्यात माणूस ओळखायचा असतो,
गाणारा नव्हे, घेणारा.

जरीपटक्याहून लुनावर यायचे,
जिना चढतानाच विचारायचे,
"निनावे, दसऱ्याला दिवस किती?"
मग मशीनवर निळी प्लेट चढायची.
दीक्षाभूमीच्या रस्त्याला पाल टाकून बसणाऱ्यांकडे
पाच हजार नग.
तिथं निळ्यात खोट चालत नाही,
जरा जांभळट झाला की
पुढं आलेला हात मागं जातो.
दोन वर्षं माझा अख्खा गठ्ठा परत आला,
तेव्हा कळलं, रंग कोणाकोणाला पाठ असतो.

त्याच आठवड्यात कोराडीला लाल.
उरुसाला ताजबागेत हिरवा, चंदेरी किनारीचा.
आणि वाडीनाक्याच्या ढाब्यांसाठी एक बाई,
टायरच्या कॅलेंडरातून मी कापलेली,
दातात गुलाब.
तिला हे आजवर माहीत नसेल.

गळा मात्र एकच.
इंदुमती गजघाटे, राहणार इंदोरा.
बर्डीच्या एका तळघरात दिवसाला सहा गाणी,
मे महिन्यातही पंखा बंद,
कारण पंखा टेपमध्ये गायचा.
निळ्यावर त्या गजघाटे,
लालवर इंदूताई भारती,
हिरव्यावर शाहीन बानो,
ट्रकवाल्यांना नुसत्या मिस आय.
बुलबुलतरंगवाला चारही ठिकाणी तोच,
त्याला तर एकही नाव नव्हतं.
माझंही नव्हतं, पण माझं आडनावच निनावे,
तक्रार कोणत्या तोंडानं करणार.

एकदा विचारलं, यांचा फोटो का नाही टाकत?
खेमचंदजींनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता.
"बेटा, हिचा चेहरा टाकला
तर चारातले तीन म्हणतील, ही आपली नाही."
आणि चौथे?
"चौथे म्हणतील, ही तर आपलीच, फुकट दे."

आता कॅसेट नाही, कार्ड नाही.
माझा नातू फोन उघडतो,
आणि फोनला आधीच ठाऊक असतं
तो कोणता रंग घेणार.
आम्हाला निदान दोनदा चुकायला मिळालं.

तर त्या एका दुपारी वर आल्या,
बाकी राहिलेले साठ रुपये मागायला.
टेबलावर चारी कार्डं वाळत होती.
पदरानं घाम टिपत एकेक उचललं,
लांब धरून पाहिलं, परत ठेवलं.
"याच्यात मी कोठं हावो, भाऊ?"
मी स्केलपट्टी शोधू लागलो.
ती हातातच होती.

खाली रद्दीचा ढीग होता.
मशीन जुळवताना आम्ही वाया गेलेलाच कागद
पुन्हा पुन्हा घालतो,
निळ्यावर लाल, लालवर हिरवा,
देवीच्या मुकुटात घुमटाचं टोक,
बोधीच्या पानांवर गुलाब,
आणि तिन्ही नावं एकमेकांत अशी रुतलेली
की एकही वाचता येऊ नये.
त्यांनी नेमका तोच कागद ओढला.
"हा मले पायजे."
कायले, ताई? तो तर बिघडलेला आहे.
"पोरीच्या वहीले कव्हर घालतो."
मग घडी घालता घालता,
माझ्याकडे न बघता,
"साऱ्या कागदांत हाच जरासा माह्यासारखा दिसते."

खेमचंदजींनी साठ रुपये मोजून दिले.
कागद तराजूत टाकला.
रद्दीचा भाव अडीच रुपये किलो होता,
एका कागदाचं वजनच भरेना,
म्हणून त्यांनी आणखी चार टाकले
आणि दहा पैसे कापून घेतले.